दंडावरून दंडावर

१४ जून १८०२ या दिवशी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवी टोचल्या. भारतात जेन्नरची लस लागू पडली ती पहिल्यांदा या मुलीला. पुढच्या आठवड्यात तिच्या दंडावरच्या फोडातली लस घेऊन आणखी पाच मुलांना टोचण्यात आले. तिथून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास, सिलोन अशी पसरत गेली. आपल्याकडच्या लसीकरणाचे मूळ शोधत गेले की शेवटी या मुलीच्या दंडापाशी येऊन थांबावे लागते.

लसीच्या इतिहासात शोध लावणारा ठळक दिसतो. तो मोठा होताच, पण शोध लागला म्हणजे लस पोचली असे होत नाही. ती वाहून न्यावी लागते, आणि निदान पहिली साठ-सत्तर वर्षे ती मुख्यतः मुलांनी वाहून नेली. त्यांत काही अनाथ मुले होती, काही जहाजावरची पोरे. ही कथा मला त्यांची वाटते.

एडवर्ड जेन्नर हा इंग्लंडमधल्या बर्कली गावचा डॉक्टर. गाईच्या सडांवर एक सौम्य रोग होतो, त्याचे फोड दूध काढणाऱ्या बायकांच्या हातांवर उठतात आणि मग त्या बायकांना देवी येत नाहीत, हे त्या भागातल्या गवळीवाड्यांना ठाऊक होते. १४ मे १७९६ रोजी जेन्नरने सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचला. काही आठवड्यांनी खऱ्या देवीचा द्रव त्याच मुलाला टोचून पाहिला, तर देवी आल्या नाहीत. १७९८ साली जेन्नरने आपली पुस्तिका छापली आणि दोन-तीन वर्षांत ती बातमी युरोपभर झाली.

त्याआधीही टोचणे होतेच, पण ते खऱ्या देवीचे. बंगालमध्ये टीकादार घरोघर जाऊन रोग्याच्या फोडातला द्रव निरोगी माणसाच्या कातडीत घालत. हॉलवेल या ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाने १७६७ साली त्याचे सविस्तर वर्णन लिहिले आहे. तुर्कस्तानातही तीच रीत होती. अशा टोचण्याने येणाऱ्या देवी बहुधा हलक्या असत. तरी त्या देवीच होत्या, काहींचा जीव जाई, आणि टोचलेल्या माणसापासून शेजाऱ्याला अस्सल रोग लागे. गाईची लस टोचलेल्या मुलाच्या अंगावर फोड उठे तो टोचलेल्या जागीच, आणि त्याच्यापासून घरात कुणाला देवी येत नसत. नैसर्गिक देवी आलेल्या दर दहांपैकी साधारण तीन माणसे दगावत, जगत त्यांतल्या कित्येकांचे डोळे जात. हे लक्षात घेतले म्हणजे या फरकाचे मोल कळते.

पण इंग्लंडहून मुंबईला लस यायची कशी? दोऱ्याला लावून वाळवा, काचेच्या दोन तुकड्यांत दाबा, नस्तराच्या टोकावर सुकवा, सारे उपाय करून झाले. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणारे जहाज महिनोन्महिने उष्ण समुद्रात असे. लस मुंबईत उतरेपर्यंत मेलेली असे. असे पुन्हा पुन्हा झाले.

तोड निघाली ती व्हिएन्नात. तिथे धंदा करणारा जाँ द कारो हा मूळचा जिनिव्हाचा डॉक्टर. त्याने समुद्राची वाट सोडून खुष्कीची धरली. मिलानच्या साक्को नावाच्या डॉक्टरने लोम्बार्दीतल्या गाईंपासून मिळवलेली लस त्याने धाग्यांत मुरवली, धागे काचांमध्ये बंद केले आणि वारा लागू नये म्हणून त्यावर मेणाचे थर चढवले. कॉन्स्टँटिनोपलवरून ते पुडके बगदादला पोचले तेव्हा लस अजून ओली होती. १८०२ च्या मार्चअखेर बगदादला ती लागू पडली. तिथून बसरा, आणि बसऱ्याहून इराणच्या आखातातून मुंबई. शेवटचा टप्पा समुद्राचाच, पण थोड्या आठवड्यांचा. कंपनीचे डॉक्टर हेलेनस स्कॉट तेव्हा मुंबईत होते, ॲनाला लस लागल्याची बातमी त्यांनीच पुढे कळवली.

मराठी इतिहासात १८०२ हे साल वेगळ्या कारणांनी लक्षात राहिले आहे. ऑक्टोबरात हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, वर्षअखेर बाजीरावाने वसईचा तह केला. ज्या वर्षी पेशवाईचे पाय खचले, त्याच वर्षी मुंबईच्या डॉक्टरांची टोचणी सह्याद्रीकडे निघाली होती. तहाची कलमे आपण शाळेत पाठ केली. ॲनाचे नाव मात्र मला शाळेच्या कुठल्याही धड्यात भेटले नाही, आणि याची मला खंत आहे.

आता या टोचण्याचे तंत्र पाहू, कारण साऱ्या अडचणी त्यातच आहेत. दंडावर नस्तराने बारीक ओरखडे काढायचे आणि त्यांत लस भरायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिथे पुटकुळी येते आणि सातव्या-आठव्या दिवसापर्यंत टपोरी होते. तिच्यातला निवळ, चिकट पाझर हीच लस. तो त्याच वेळी काढायचा, कारण दोन-तीन दिवस उशीर झाला की पू होतो, खपली धरते आणि लस हातची जाते. म्हणजे आठव्या दिवशी दुसरे मूल समोर हजर पाहिजे, त्याच्या आठव्या दिवशी तिसरे. एक आठवडा चुकला की साखळी तुटली आणि पुन्हा बगदादकडे डोळे लावून बसायचे.

मद्रासहून कलकत्त्याला लस न्यायची तेव्हा डॉक्टर जेम्स अँडरसन यांनी जॉन क्रेसवेल या तेरा वर्षांच्या मुलाला टोचून ‘हंटर’ जहाजावर चढवले. काचा आणि धागे यांपेक्षा मुलाच्या रक्तामांसावर त्यांचा भरवसा अधिक होता, आणि तो खरा ठरला.

हीच युक्ती स्पेनने महासागरावर वापरली. ३० नोव्हेंबर १८०३ रोजी फ्रान्सिस्को हाविएर द बाल्मिस हा शल्यचिकित्सक ‘मारिया पिता’ जहाजाने ला कोरुन्या बंदरातून निघाला. बरोबर अनाथालयातली बावीस मुले होती आणि त्यांना सांभाळायला इसाबेल सेंदाल ही बाई, जिचा स्वतःचा मुलगाही त्या बाविसांत होता. दर आठवड्याला दोन मुलांना टोचायचे, एकाची लस वाया गेली तर दुसऱ्याची असावी म्हणून. अटलांटिक ओलांडून ही जिवंत साखळी प्वेर्तो रिकोला पोचली. पुढे मेक्सिकोतली सव्वीस मुले घेऊन बाल्मिस फिलिपिन्सपर्यंत गेला. त्या मुलांना कुणी विचारले नव्हते. लाखो जीव वाचले हे खरे, आणि आईबापांवाचूनची पोरे भांड्यासारखी वापरली गेली हेही खरे. यातले एकही मला खोडता येत नाही. ला कोरुन्यात त्या मुलांचे स्मारक उभे केले आहे. मुंबईनेही ॲनाच्या नावाने काही उभारावे, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे अडचण वेगळी होती. देवी हा रोग, तसाच तो देवीचा कोप. शितळादेवीला थंड नैवेद्य दाखवायचा, घरात फोडणी घालायची नाही, रोग्यापाशी कडुनिंबाचा पाला ठेवायचा, अशी रीत. त्यात सरकारी माणूस येऊन परक्या मुलाच्या फोडातले पाणी आपल्या मुलाच्या अंगात घालणार. ते मूल कुठल्या जातीचे, हा प्रश्न लगेच येई. शिवाय आठव्या दिवशी आपल्या बाळाचा दुखरा दंड पुन्हा उघडा करून द्यायचा, तोही दुसऱ्याच्या मुलासाठी. आईने मूल लपवले तर तिला अडाणी म्हणू नये. दंडावरून दंडावर लस जाताना एखाद्या मुलाचा उपदंशासारखा रोगही जाऊ शके, आणि युरोपात तसे घडलेही. तिची भीती निराधार नव्हती.

म्हैसूरने वेगळा मार्ग काढला. थॉमस हिकी या चित्रकाराने १८०५ च्या सुमारास तिथल्या राजघराण्यातल्या तीन स्त्रियांचे चित्र काढले. त्यांतली एक साडीचा पदर सरकवून दंडाकडे निर्देश करते आहे. नायजेल चॅन्सेलर या अभ्यासकाने दाखवून दिले की ती टोचल्याची जागा दाखवत असावी. हे मत मला पटते. ज्या काळी राजस्त्रीने चित्रकारासमोर बसणेच नवलाचे होते, त्या काळी दंड उघडा ठेवून काढलेले चित्र सहज घडलेले नसणार. राणीने टोचून घेतले, आता प्रजेने घ्यावे, असा त्यातला सांगावा.

मुलांची या कामातून सुटका केली ती वासरांनी. वासराच्या पोटावरची कातडी भादरून तिथे लस टोचायची आणि फोड आले की खरवडून घ्यायचे. ही रीत इटलीत निघाली आणि १८६० नंतर इतरत्र पसरली. त्या लसीत ग्लिसरीन मिसळले की ती टिकते आणि इतर जंतू मरतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कळले. इंग्लंडने १८९८ साली दंडावरून दंडावर टोचणे कायद्याने बंद केले. आपल्याकडे बेळगावला लस तयार करण्याचे केंद्र उभे राहिले. तिथले ‘व्हॅक्सिन डेपो’ मैदान आजही याच नावाने ओळखले जाते, आणि त्यावर खेळणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांना हे नाव कशावरून पडले ते माहीत असेल.

वाळवून भुकटी केलेली, उन्हाळ्यातही महिनोन्महिने टिकणारी लस १९५० च्या दशकात आली. व्हिएन्नातल्या द कारोने मेणाचे थर चढवून जे साधू पाहिले, ते तेव्हा पुरते साधले. दुतोंडी सुई आली आणि टोचणे कुणालाही शिकवता येऊ लागले. भारतातला देवीचा शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये आसामात करीमगंजला सापडला, सैबान बीबी नावाची स्त्री. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने जगातून देवी गेल्याचे जाहीर केले.