पहिला शब्द कोणाचा?

आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक बातमी वरचेवर छापून येते. नाव आणि गाव तेवढं बदलतं. तलाठी, हवालदार नाहीतर एखादा अभियंता, 'सापळा रचून रंगेहाथ पकडले'. नोटांना फिनॉल्फथॅलीनची पावडर लावलेली असते. साहेबांची बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं, म्हणजे 'रंगेहाथ' अगदी अक्षरशः! आपण चहाचा घोट घेत "बरं झालं" म्हणतो आणि पान उलटतो. मीही तेच करते.

पण या सापळ्याचा इतिहास वाचू लागले तेव्हा कळलं, की त्याच्याभोवतीचा वाद कमीत कमी दोन हजार वर्षांचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात (मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी त्याची संशोधित आवृत्ती सिद्ध केली, हे सांगितल्यावाचून राहवत नाही) चोर पकडण्याची एक युक्ती दिली आहे. राजाच्या हेरांनी सिद्धपुरुषाचं सोंग घ्यायचं. वाईट वळणाच्या तरुणांना गाठून सांगायचं, की आमच्यापाशी दारं उघडण्याचा मंत्र आहे, अदृश्य होण्याचा मंत्र आहे. मग एखाद्या गावात आधीच आपली माणसं पेरून ठेवून त्या मंत्राचा 'प्रत्यय' दाखवायचा. पोरांचा विश्वास बसला, की खुणा केलेला माल असलेल्या घरात त्यांना चोरी करू द्यायची आणि तिथेच पकडायचं. खुणा केलेला माल म्हणजे आपल्या पावडर लावलेल्या नोटांची पणजीच म्हणा ना!

याच ग्रंथात आधी अमात्यांची परीक्षा घेण्याचं प्रकरण येतं. धर्म, अर्थ, काम, भय अशी चार प्रकारची आमिषं दाखवून अमात्य पारखायचे. पण तिथे कौटिल्य स्वतःच एक धोक्याची सूचना देतो. पाण्यात विष कालवावं तसं निर्दोष माणसाला बिघडवू नये, कारण एकदा बिघडलेल्यावर उतारा सापडेलच असं नाही. साम, दाम, दंड, भेद ज्याच्या नावावर खपतात त्याच माणसाचं हे म्हणणं आहे, म्हणून मला त्याचं वजन जास्त वाटतं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९५४ मध्ये असाच सूर लावला होता. विंध्य प्रदेशचे माजी उद्योगमंत्री राव शिव बहादुर सिंग यांच्यावरचा लाचेचा खटला होता, पन्नाच्या हिऱ्यांच्या खाणींसंबंधीचा. लाच देणाऱ्यापाशी पैसे नव्हते, म्हणून ते पोलिसांनी पुरवले. न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली, पण पोलिसांना खडसावलं. ज्याच्यापाशी द्यायला पैसे नाहीत आणि उभे करण्याची ऐपतही नाही, त्याला स्वतः पैसे देऊन लाच घडवून आणणं कशातच बसत नाही, असं म्हटलं. म्हणजे कान उपटले पण आरोपी सुटला नाही. 'पोलिसांनीच मला गुन्ह्यात ओढलं' असा वेगळा बचाव आपल्या लिखित कायद्यात नाही.

अमेरिकेत मात्र तो आहे. त्याला एन्ट्रॅपमेंट म्हणतात, आणि पुढची कथा तिथलीच आहे.

तिथे दारूबंदी होती तेव्हाची गोष्ट. जुलै १९३० मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या एका लहानशा गावी दारूबंदी खात्याचा एक माणूस पर्यटक बनून सोरेल्स नावाच्या कामगाराच्या घरी गेला. बोलता बोलता निघालं की दोघेही पहिल्या महायुद्धात एकाच डिव्हिजनमध्ये होते, तिसाव्या. मग काय, खंदकातल्या आठवणी सुरू झाल्या. त्या ओघात पाहुण्याने दारू मागितली. सोरेल्स नाही म्हणाला. पुन्हा मागितली, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा मागितल्यावर तो उठला, बाहेर जाऊन अर्धा गॅलन व्हिस्की घेऊन आला आणि पाच डॉलर घेतले. दीड वर्षाची शिक्षा झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर १९३२ मध्ये सरन्यायाधीश ह्यूजेस यांनी ती शिक्षा रद्द केली. गुन्ह्याची कल्पना सरकारी माणसाच्या डोक्यात जन्मली, ती त्याने दुसऱ्याच्या मनात पेरली आणि मग त्याच पिकाबद्दल त्याला कोर्टात उभं केलं. कायदे करणाऱ्यांना हे अभिप्रेत नव्हतं, असा निकालाचा आशय होता. जुन्या सैनिकी दोस्तीचा असा वापर करणं मला तरी त्या व्हिस्कीपेक्षा जास्त कडू वाटतं. असो.

१९५८ मध्ये शर्मन खटल्यात हीच गोष्ट पुन्हा घडली. या वेळी खबऱ्या व्यसन सोडवणाऱ्या डॉक्टरच्या दवाखान्यात भेटला होता. आपल्याला औषध लागू पडत नाही, फार त्रास होतोय, असं सांगून सांगून त्याने त्याच वाटेने सुटू पाहणाऱ्या माणसाकडून अमली पदार्थ मिळवला. तीही शिक्षा रद्द झाली.

इथून कायद्याचा मुख्य प्रश्न ठरला. आमिष सरकारने दाखवलं का? दाखवलं असेल, तर तो माणूस आधीपासून मनाने तयार होता का? तयार असलेल्याला नुसती संधी दिली तर तो सापळा रास्त. तयार नसलेल्याला तयार करून घेतलं, तर तो गुन्हा सरकारने घडवलेला. आणि ही मूळची तयारी होती, हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर.

वाचायला सोपं आहे. पण मनात काय होतं हे सिद्ध कसं करायचं? सोरेल्सच्या खटल्यात तीनदा नकार दिला की दोनदा, हे सगळं साक्षीदारांच्या आठवणीवर. पोलीस एक सांगणार, आरोपी दुसरं. ज्यूरीने एकदा पोलिसांवर विश्वास ठेवला की संपलं, कारण अपिलाचं न्यायालय पुरावा नव्याने तोलत नाही. ज्यूरीच्या बाजूने जितका अर्थ लावता येईल तितका लावून मग ते पाहतं, की कोणत्याही समंजस ज्यूरीला हा निष्कर्ष काढता आला असता का. आला असता, तर शिक्षा कायम.

ही अडचण आधी टपालाने आणि मग ईमेलने बदलली. आता जे सांगणार आहे त्यातल्या आरोपींची नावं मुद्दाम देत नाही. विषय मुलांच्या लैंगिक शोषणाचा आहे. आयुष्यभर शाळेत काढलेल्या माझ्यासारखीला अशा आरोपीविषयी एरवी काडीचीही सहानुभूती वाटत नाही, हेही सांगून टाकते.

नेब्रास्कातला एक शेतकरी, वय ५६, म्हाताऱ्या वडिलांना सांभाळणारा. १९८४ मध्ये त्याने टपालाने अल्पवयीन मुलांच्या नग्न छायाचित्रांची दोन मासिकं मागवली. तेव्हा ते बेकायदा नव्हतं. तीनच महिन्यांत कायदा बदलला. दुकानाच्या यादीत त्याचं नाव सरकारला सापडलं. पुढचे २६ महिने त्याच्याकडे पत्रं येत राहिली, प्रश्नावल्या येत राहिल्या. पाठवणाऱ्या पाच संस्था होत्या आणि एक पत्रमित्र होता, सगळे खोटे, सगळे सरकारी! शेवटी १९८७ मध्ये त्याने एक मासिक मागवलं आणि पकडला गेला. घराच्या झडतीत ती जुनी दोन मासिकं आणि सरकारनेच पाठवलेली कागदपत्रं सोडली तर या प्रकारचं काही मिळालं नाही. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याची शिक्षा रद्द केली. न्यायमूर्ती व्हाइट यांनी म्हटलं की मनाची तयारी सरकारने संपर्क साधण्याच्या आधीची असली पाहिजे. २६ महिन्यांच्या माऱ्यानंतर दिसलेली तयारी त्या माऱ्याचंच फळ असू शकते. विरोधी मत न्यायमूर्ती ओकॉनर यांचं. त्या माणसाला कुणी जबरदस्ती केली नव्हती, पाकिटं फाडून टाकायला तो मोकळा होता, हा त्यांचा मुद्दाही मला खोडून काढता येत नाही.

आणि मग आलं इंटरनेट.

१९९५ च्या सुमारास हवाई दलातून निवृत्त झालेला एक माणूस. बायकांचे कपडे घालण्याची आवड उघड झाल्यावर घटस्फोट झालेला. एकटा पडला होता, आपल्याला आहे तसं स्वीकारणारी जोडीदारीण तो इंटरनेटवर शोधत होता. 'शेरॉन' नावाच्या बाईच्या जाहिरातीला त्याने उत्तर पाठवलं. तिला मुली होत्या आणि मुलींसाठी तिला एक 'खास शिक्षक' हवा होता. त्याने भोळेपणाने लिहिलं, की मुलींना मी आपल्या मानीन, चांगलं वळण लावीन. बाईला ते चालेना. खास म्हणजे काय ते तुम्हाला समजलेलं नाही, समजत नसेल तर पत्रव्यवहार थांबवू, अशा सुरात ती लिहीत राहिली. ती तुटू नये म्हणून तो हळूहळू तिला हवं ते लिहू लागला. लग्नाबद्दलही विचारलं. सहा महिन्यांनी त्याच्या पत्रांतला मजकूर असा झाला होता, की मला दोन ओळींपुढे वाचवला नाही. तो कॅलिफोर्नियाहून फ्लोरिडात गेला. तिथे मुली नव्हत्या, पोलीस होते.

राज्याच्या कायद्याखाली शिक्षा भोगून सुटला. दोन वर्षांनी त्याच प्रसंगाबद्दल केंद्राच्या कायद्याखाली पुन्हा अटक. या वेळी १२१ महिने.

आता अपील. सरकारने त्याची शेवटची पत्रं पुढे केली. पाहा, कसा तयार होता! पण या खटल्यात सगळं लेखी होतं. नवव्या सर्किटच्या न्यायालयाला संवाद पहिल्या पत्रापासून क्रमाने वाचता आला, आणि न्यायमूर्ती कोझिन्स्की यांनी तेच केलं. मुलींचा विषय कुणी काढला? तिने. त्याने कुठे वळवायचा प्रयत्न केला? इथे, इथे आणि इथे. पहिल्या पत्रांत तयारीचा मागमूस नव्हता आणि नंतरची तयारी शिकवून घेतलेली होती. जून २००० मध्ये शिक्षा रद्द झाली आणि त्याला ताबडतोब सोडण्याचा आदेश निघाला. तिघांपैकी एका न्यायाधीशाचं मत वेगळं पडलं. समाजात खरे गुन्हे पुरेसे असताना एका एकाकी, गोंधळलेल्या माणसाला महिनोन्महिने खेचत रेषेपार नेण्याची गरज काय, असं निकालात विचारलं आहे.

हा निकाल वाचून मला सुटकेचा आनंद झाला नाही, हे खरं. त्या शेवटच्या पत्रांतला माणूस माझ्या शाळेच्या फाटकाशीही उभा राहिलेला मला चालला नसता. पण पहिल्या पत्रातल्या माणसाला मी कदाचित हसून रस्ता दाखवला असता. दोन्ही माणसं एकच आहेत आणि मधल्या सहा महिन्यांचं लेखन सरकारी पगारावर झालं आहे. कौटिल्याचं विषाचं पाणी मला इथे आठवलं.

याचा अर्थ असा मात्र नव्हे, की असे आरोपी अपिलात भराभर सुटतात. लेखी संवाद दुधारी असतो. जो माणूस 'मी चौदा वर्षांची आहे' हे वाचल्यावर स्वतःच पुढचं विचारतो, त्याचंही प्रत्येक अक्षर जपून ठेवलेलं असतं, आणि अपिलात तेच त्याला बुडवतं. २००८ मध्ये सातव्या सर्किटच्या न्यायमूर्ती पॉझनर यांनी एकाची प्रयत्नाच्या आरोपाखालची शिक्षा रद्द केली, पण वेगळ्या कारणाने. तो नुसत्या बाता मारत राहिला, भेटीच्या दिशेने ठोस पाऊल त्याने उचललंच नव्हतं. अश्लील मजकूर पाठवल्याच्या दुसऱ्या आरोपाला त्याने आव्हानच दिलं नव्हतं, त्यामुळे ती शिक्षा राहिली.

कॅनडात प्रश्न निराळ्या तऱ्हेने विचारतात. तिथे आरोपीच्या मनापेक्षा पोलिसांच्या वागण्याकडे जास्त लक्ष देतात. आधी गुन्हा सिद्ध होतो, मग सापळा गैर होता का हे न्यायाधीश ठरवतात आणि गैर असेल तर खटलाच थांबवतात. टोरांटोजवळच्या यॉर्क भागातल्या पोलिसांनी २०१४ ते २०१७ मध्ये 'प्रोजेक्ट राफेल' चालवलं. वेश्याव्यवसायाच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर अठरा वर्षांच्या मुलीची म्हणून खोटी जाहिरात द्यायची. गिऱ्हाइकाशी सौदा ठरत आला की संवादात हळूच सांगायचं, की खरं तर मी अठराहून लहान आहे. १०४ पुरुष पकडले गेले. त्यातल्या काहींचं अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. इंटरनेटच्या अख्ख्या मैदानावर असं जाळं टाकायचं का, त्यात किती निर्दोष लोक सापडतील, हा त्यांचा मुद्दा होता. न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्य केलं, की इंटरनेटवर एकाच वेळी असंख्य लोकांपर्यंत पोचता येतं, म्हणून पोलिसांनी चौकशीची जागा नीट आखून घेतली पाहिजे. पण या जाहिराती पुरेशा आखीव होत्या, असं म्हणून अपिलं फेटाळली.

तिथेही सगळं मोबाइलच्या संदेशांत होतं. वयाचा विषय पोलिसांनीच काढला होता, यावर वाद नव्हता. पण ते वय वाचल्यावर समोरचा माणूस तिथून निघूनही जाऊ शकत होता. हे लोक गेले नाहीत. ठरलेल्या हॉटेलवर येऊन त्यांनी दार वाजवलं.