काच भोसकायची नसते

काचेला भोक पाडायला काय लागते, हा प्रश्न पन्नाशी उलटेपर्यंत मला कधी पडला नव्हता. तो पडला माशांच्या पेटीमुळे. पेटीतले पाणी बादलीने उपसून मी कंटाळलो होतो. मागच्या काचेला वरच्या बाजूने एक भोक पाडावे, तिथून पाणी खालच्या गाळणीच्या टाकीत उतरावे आणि छोट्या पंपाने पुन्हा वर यावे, असा साधा बेत होता. घरात ड्रिल मशीन होतेच. रिकाम्या पेटीवर ते टेकवले. अर्धा मिनिट काही होईना, म्हणून जरा जोर दिला. ‘टक्’ असा एवढासा आवाज झाला आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ उमटली. पेटी संपली!

दुसरी पेटी घेऊन मी काचकाम करणाऱ्या एका चाचांकडे गेलो. त्यांनी आधी विचारले, “काच साधी आहे ना? टफन्ड असेल तर मी हात लावणार नाही.” मग पेटी आडवी केली, खाली लाकडाचा आधार दिला, खुणेभोवती झाडाला करतात तसे ओल्या मातीचे आळे केले आणि त्यात पाणी ओतले. त्यांच्या मशीनला टोकदार बिट नव्हता. होती एक आखूड पोकळ नळी, तिच्या काठाला हिऱ्याची बारीक पूड बसवलेली. नळी सावकाश फिरू लागली, आळ्यातले पाणी दुधासारखे पांढरे झाले. मी म्हटले, “चाचा, जोर लावत नाही तुम्ही?” ते म्हणाले, “साहेब, काच भोसकायची नसते, झिजवायची असते.” दहा मिनिटांनी रुपयापेक्षा मोठी काचेची गोल चकती त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

चाचांच्या या एका वाक्यामागे विज्ञान आहे आणि फार मोठा इतिहासही आहे. आधी विज्ञान थोडक्यात पाहू. लोखंडावर ताण आला की ते किंचित वाकते, दबते आणि ताण वाटून घेते. काचेला वाकणे ठाऊक नाही. इंग्लिश अभियंता इंग्लिस याने १९१३ साली गणिताने दाखवले, की पत्र्यातल्या भोकाच्या किंवा चिरेच्या टोकाशी ताण अनेक पटींनी वाढतो. टोक जितके अणकुचीदार, तितका ताण जास्त. मग विमानांच्या संशोधनात काम करणाऱ्या ग्रिफिथने प्रयोगासाठी काचच निवडली. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाने स्पष्ट केले, की काच मुळात बरीच मजबूत असते, तिला दुबळे करतात ते डोळ्यांना न दिसणारे बारीक चरे. माझ्या जोराने असाच एक चरा धावत सुटला होता. म्हणून काचेतले भोक गोल हवे, काठ घासून गुळगुळीत केलेला हवा आणि पेटीच्या कडेपासून अंतर राखलेले हवे. टफन्ड काचेत तर पृष्ठभाग आवळलेला आणि पोट ताणलेले असते. ते संतुलन बिघडले की सगळ्या काचेचा क्षणात चुरा. तिला भोक हवे असेल तर ते आधी पाडायचे आणि काच नंतर कणखर करायची.

आता इतिहास. चाचांच्या हातातली पोकळ नळी काही आजची नव्हे. १८८० साली फ्लिंडर्स पेट्री हा तरुण इंग्रज इजिप्तमध्ये गिझाचे पिरॅमिड मोजायला गेला. तिथे त्याला ग्रॅनाइटच्या दगडात पाडलेली गोल भोके दिसली आणि त्या भोकांतून निघालेले दगडी गाभेही सापडले. दगड पोकळ नळीनेच कापला होता, हे उघड होते. नळीला रत्ने जडवली असावीत, असा पेट्रीचा तर्क होता. पुढे विसाव्या शतकात अभ्यासकांनी स्वतः प्रयोग करून पाहिले, तेव्हा तांब्याची नळी आणि साधी वाळू एवढ्यावर ग्रॅनाइट कापला गेला. तांबे मऊ, पण दगड कापायचे काम तांबे करतच नाही, ते वाळूचे कण करतात. नळीने त्यांना फक्त फिरवत ठेवायचे.

आपल्या उपखंडातही हीच विद्या होती. सिंधमधल्या चान्हुदडो इथे १९३५-३६ साली अर्नेस्ट मॅके यांनी उत्खनन केले, तेव्हा हडप्पाकाळातील मणी घडवण्याची जागा सापडली. तिथल्या कारागिरांनी कार्नेलियनच्या, म्हणजे तांबड्या अकीकाच्या, बोटभर लांब मण्यांना आरपार भोके पाडली होती. त्यासाठी ते एका खास कठीण दगडाची बारीक टोके वापरत. मॅके यांच्या स्मरणार्थ त्या दगडाला पुढे ‘अर्नेस्टाइट’ असे नाव मिळाले. याही टोकाने तासाला सरासरी अडीच मिलिमीटरच भोक पडते, असे प्रयोगांत दिसले. एका लांब मण्याला तीन-तीन दिवस! सातवाहनकाळात आपल्या जालना जिल्ह्यातले भोकरदन मण्यांसाठी प्रसिद्ध होते. त्या गावाचे नाव मात्र मण्यांच्या भोकांवरून पडलेले नाही, ते भोगवर्धनाचा अपभ्रंश आहे.

गुजरातेत खंभातला ही परंपरा पुढे जिवंत राहिली. तिथला कारागीर धनुकलीने सळी फिरवतो, सळीच्या टोकाला हिऱ्याच्या कण्या असतात आणि वरून पाणी ठिबकत राहते. भोक अर्ध्यावर आले की मणी उलटा करून दुसऱ्या बाजूने सुरुवात होते, नाहीतर टोक बाहेर पडताना तिथला टवका उडतो. काचवालेही याच भीतीने काच उलटी करतात किंवा खाली आधार देतात. हिरा मात्र पूर्वी महाग होता. १९५५ साली अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने प्रयोगशाळेत हिरा तयार केल्याचे जाहीर केले. त्यानंतर हिऱ्याची पूड कारखान्यातली वस्तू झाली आणि हळूहळू गल्लीतल्या चाचांच्या नळीपर्यंत पोहोचली.

माशांच्या पेटीला भोक लागू लागले, तेही उशिराच. १८५० च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी दाखवून दिले, की पेटीत मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवल्या तर पाणी न बदलताही चालते. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि युरोपात पेट्यांचे वेडच लागले. पण बंद पेटी लवकर नासते, हेही कळले. अल्फर्ड लॉइड यांनी १८७१ सालच्या क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात टाक्यांखाली मोठा अंधारा हौद बांधला आणि त्यातले पाणी पंपाने सतत खेळते ठेवले. १९८० च्या दशकात हौशी लोक घरात प्रवाळ पाळू लागले, तेव्हा लॉइडचा हौदच लहान होऊन पेटीखालच्या कपाटात येऊन बसला. पेट्या तोवर सिलिकॉनने जोडलेल्या, सगळ्या काचेच्या झाल्या होत्या. पाणी खाली न्यायला काचेलाच भोक पाडणे आले.

या सगळ्या इतिहासात पाण्याचे आणखी एक काम आहे. पाणी नळी थंड ठेवते, चुरा वाहून नेते आणि धूळ उडू देत नाही. खंभातला भोके पाडताना पाणी होते, पण अकीक घासून आकार देण्याचे काम चाकावर कोरडे चाले. ती धूळ श्वासातून फुप्फुसात गेली आणि घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस झाला. या रोगाने फुप्फुसे कायमची निबर होतात, त्यावर बरे करणारे औषध नाही. घासणी घरात किंवा वस्तीत, म्हणून शेजारपाजारच्या लोकांनाही तो जडला. अकीकाइतकी घातक नसली, तरी काचेची पूडही नाकात जाण्याजोगी वस्तू नव्हेच.

पुढे एकदा मी चाचांकडे गेलो, तेव्हा एक गिऱ्हाईक त्यांच्या मागे लागले होते. पाच-सहा काचांना भोके हवी होती आणि बाहेर रिक्षा उभी होती. “ते मातीबितीचे राहू द्या, झटपट करा,” असे त्याचे चालले होते. चाचा काही न बोलता आळे करत राहिले. प्रत्येक कारागिराला असे गप्प राहणे परवडत नाही. तेव्हा तुम्ही कधी काचेला भोक पाडून घ्यायला गेलात, तर दहा मिनिटे जास्त थांबा आणि पाणी ओतल्याशिवाय मशीन सुरू करू देऊ नका.