एक रेघ, दोन मैत्रिणी

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्यातील संगमरवरी जाळी पाहताना तिचा अर्थ काय, असे आपण कुणी विचारत नाही. हिमरूच्या मागावर सूत आणि रेशीम यांतून उठणाऱ्या नक्षीलाही तो प्रश्न विचारत नाही. कारागिराचा हात किती सधा आहे, दोन धाग्यांतले अंतर कसे राखले आहे, हे आपण पाहतो आणि दाद देतो. पण अमूर्त चित्र समोर आले की आपणच म्हणतो, 'हे आपल्यासाठी नाही.' या सवयीमुळे आपण काय गमावले, ते आठवायला हवे.

नसरीन मोहम्मदी यांचा जन्म १९३७चा, कराचीचा. बालपण मुंबईत गेले. १९५४ ते १९५७ त्या लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत होत्या, पुढे पॅरिसला शिकल्या. मुंबईत वासुदेव गायतोंडे यांचा सहवास त्यांना लाभला. १९७२पासून अखेरपर्यंत त्यांनी बडोद्यात कला शिकवली. त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांत झाडांच्या, किनाऱ्याच्या खुणा दिसतात. हळूहळू त्यांनी रंग सोडला, कॅनव्हास सोडला. उरले कागद, पेन्सिल, शाई आणि नकाशे काढणाऱ्याची उपकरणे. चित्रांना त्या नाव देत नसत, बहुतेकांवर तारीखही नसे. हातमागावरच्या ताण्याची, फतेहपूर सिक्रीच्या फरसबंदीची छायाचित्रे त्यांनी काढली, पण हयातीत ती प्रदर्शनात मांडली नाहीत. पुढे मज्जासंस्थेच्या आजाराने शरीरावरचा ताबा सुटत गेला. तरी कागदावरची रेघ हलली नाही. ज्यांना ही चित्रे कोरडी वाटतात, त्यांनी एवढे एक लक्षात घ्यावे.

त्यांची मैत्रीण झरीना हाशमी. जन्मवर्ष तेच, गाव अलीगढ, शिक्षण गणिताचे. पॅरिसमध्ये हेटर यांच्या कार्यशाळेत त्या मुद्राचित्रण शिकल्या. चित्रात रेघ काढतात. लाकडाच्या ठशात रेघ सोडावी लागते. तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड कोरून टाकले, तरच ती उरते आणि शाई घेते. फाळणीची सीमारेषा झरीना यांनी २००१ साली अशीच ठशातून कागदावर उतरवली. आईवडील कराचीला गेलेल्या लेकीने काढलेली ही रेघ आहे. दोन्ही बाजूंची जमीन खरवडल्याशिवाय ती उभी राहत नाही, हे कारागिरीचे साधे सत्य. आपल्या घराघरांतल्या वडीलधाऱ्यांना ते वेगळ्या वाटेने ठाऊक होते. १९९९च्या छत्तीस काष्ठमुद्रांच्या मालिकेत त्यांनी प्रत्येक चित्राला एकेक उर्दू शब्द जोडला. अशा ठशावर अक्षर उलटे कोरावे लागते, तेव्हा कागदावर ते सुलटे येते.

नसरीन १९९० साली रायगड जिल्ह्यातील किहीम येथे वारल्या. त्याच वर्षी सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आपण आपला शब्द शोधायला निघालो, तेव्हा आपल्याच किनाऱ्यावर एक मोठी चित्रकर्ती गेली, आणि आमच्या वाचनात तिचे नाव यायला पुढे कितीतरी वर्षे लागली. २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपली नवी वास्तू उघडताना त्यांचे प्रदर्शन मांडले. झरीना २०२० साली लंडनला वारल्या.

आपल्या इतिहासात आपण शायर मोजतो, संत मोजतो, समाजसुधारक मोजतो, आणि ते योग्यच आहे. त्या यादीत या दोघींनाही जागा द्यावी, असे आम्हाला वाटते. औरंगाबादच्या मुलांना मकबऱ्यात नेऊ, तेव्हा जाळीजवळ थोडे थांबावे आणि नसरीन यांच्या एखाद्या चित्राची छापील प्रत त्यांच्या हाती द्यावी. अर्थ विचारू नये. अंतर कसे राखले आहे, एवढेच विचारावे. मुले बरोबर सांगतील.