दुसऱ्या महायुद्धातील कलाटणी : एका संकल्पनेची तपासणी

दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासलेखनात ‘कलाटणी’ हा शब्द इतक्या सैलपणे योजिला जातो की, त्याचा नेमका आशय कोणता हा प्रश्न सहसा उपस्थितच होत नाही. मॉस्को, मिडवे, एल अलामेन, स्टालिनग्राड, कुर्स्क ही नावे क्रमाने सांगितली म्हणजे विषय संपला, अशी समजूत विद्यार्थ्यांत आढळते. वस्तुतः या लढायांचे स्वरूप आणि परिणाम परस्परांहून अत्यंत भिन्न आहेत. म्हणून प्रस्तुत टिपणात प्रथम कलाटणीचा एक निकष मांडून, नंतर त्याच्या साहाय्याने १९४१ ते १९४३ या काळातील काही प्रमुख घटना तपासण्याचे योजिले आहे.

केवळ प्रचंड विजय म्हणजे कलाटणी नव्हे. सप्टेंबर १९४१ मध्ये कीव्हच्या वेढ्यात सोव्हिएत रशियाला सहा लक्षांहून अधिक सैनिक गमवावे लागले. तरीही त्या पराभवाने युद्धाची दिशा ठरली नाही, कारण सोव्हिएत राज्याची नवे सैन्य उभारण्याची शक्ती शाबूत होती. तेव्हा ज्या घटनेनंतर पराभूत पक्षाला आपल्या मूळ युद्धयोजनेकडे परतण्याचा मार्गच उरत नाही, तिलाच कलाटणी म्हणणे युक्त ठरेल.

या निकषावर डिसेंबर १९४१ चे महत्त्व सर्वप्रथम ध्यानात येते. १८ डिसेंबर १९४० रोजी हिटलरने काढलेल्या आदेशात एका वेगवान मोहिमेत सोव्हिएत रशियाला चिरडून टाकण्याची कल्पना होती. २२ जून १९४१ रोजी सुरू झालेली ही मोहीम हिवाळ्यापूर्वी आटोपणे हा तिचा प्राणच होता. ५ डिसेंबरला मॉस्कोसमोर सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला. ७ डिसेंबरला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. आणि ११ डिसेंबरला जर्मनीने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले. अवघ्या एका सप्ताहात अल्पकालीन युद्धाची योजना निकालात निघाली आणि तिच्या जागी दीर्घकालीन, साधनसामग्रीच्या बळावर लढावयाचे युद्ध उभे राहिले. जर्मनी अद्याप हरला नव्हता. पण ज्या प्रकारचे युद्ध त्याला जिंकता येण्याजोगे होते, ते संपले होते.

पॅसिफिकमध्ये हीच गोष्ट जून १९४२ मध्ये घडली. अमेरिकेची औद्योगिक शक्ती पूर्णपणे उभी राहण्यापूर्वी तिच्या आरमाराचा कणा मोडावा व तडजोडीचा तह पदरात पाडून घ्यावा, असा जपानचा हिशेब होता. मिडवेच्या लढाईत अकागी, कागा, सोर्यू व हिर्यू ही चार विमानवाहू जहाजे बुडाली. पर्ल हार्बरवर चालून गेलेल्या सहांपैकीच ही चार होत. अमेरिकेने यॉर्कटाउन गमावले. परंतु १९४२ च्या अखेरीपासून एसेक्स वर्गाची नवी जहाजे तिच्या आरमारात दाखल होऊ लागली. जपानला अशी भरपाई शक्य नव्हती.

स्टालिनग्राडचा विचार तेलाच्या प्रश्नापासून तोडून करता येत नाही. १९४२ च्या उन्हाळी मोहिमेचे प्रमुख उद्दिष्ट कॉकेशसमधील मैकोप, ग्रोझनी व बाकू येथील तेल हे होते. ऑगस्टमध्ये मैकोप हाती आले, पण तेथील विहिरी माघार घेणाऱ्यांनी निकामी करून ठेविल्या होत्या. बाकूपर्यंत जर्मन सैन्य पोचलेच नाही. १९ नोव्हेंबरला सोव्हिएत सैन्याने रुमानियन सैन्याने राखलेल्या दुर्बळ बगलेवर आघात केला आणि चार दिवसांत सहावे जर्मन सैन्य वेढले गेले. २ फेब्रुवारी १९४३ रोजी तेथील अखेरच्या तुकड्या शरण आल्या; सुमारे ९१ हजार सैनिक बंदी झाले. एका सैन्याच्या नाशाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, निर्णायक गोष्ट ही की, तेल मिळविण्याची संधी कायमची गेली.

रणभूमीच्या नकाशावर सहसा न दिसणारी आणखी एक घटना येथे नोंदविली पाहिजे. मे १९४३ मध्ये जर्मनीच्या चाळीसहून अधिक पाणबुड्या नष्ट झाल्या आणि २४ मे रोजी आरमारप्रमुख डनिट्झ यांनी उत्तर अटलांटिकमधून आपल्या पाणबुड्या मागे घेतल्या. हा सागरी मार्ग निर्धोक झाला नसता तर जून १९४४ मधील नॉर्मंडीची चढाई संभवलीच नसती.

यावर असा आक्षेप घेता येईल की, मग सारे काही साधनसामग्रीनेच ठरविले. लढाया केवळ निमित्तमात्र होत. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. भरपाई का होऊ शकली नाही, याचे उत्तर कारखाने व तेल देतात. परंतु भरपाईची गरज केव्हा व कोठे निर्माण झाली, याचे उत्तर त्यांच्याजवळ नाही. ४ जून १९४२ रोजी सकाळी काही मिनिटांच्या अवधीत अमेरिकन विमानांनी तीन जपानी जहाजे पेटविली. त्या मिनिटांचा उलगडा पोलादाच्या उत्पादनाच्या आकड्यांतून होत नाही.

शेवटी एका भ्रमापासून सावध राहिले पाहिजे. कलाटणी म्हणजे अंत नव्हे. जर्मन सैन्याच्या एकूण मृतांपैकी निम्म्याहून अधिक १९४४ व १९४५ या दोन वर्षांतील आहेत. हंगेरीतील चार लक्षांहून अधिक ज्यूंची हद्दपारी, बहुतांशी आउश्वित्झकडे, मे ते जुलै १९४४ या काळात झाली. तेव्हा स्टालिनग्राडला वर्ष उलटून गेले होते. आणि ज्या १९४३ ला आपण मित्रराष्ट्रांच्या भाग्योदयाचे वर्ष म्हणतो, त्याच वर्षी मित्रराष्ट्रांच्याच सत्तेखालील बंगालमध्ये दुष्काळाने लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली.

सेनापतींच्या नकाशावर फिरलेली बाजू सामान्य माणसाच्या दारी त्याच दिवशी पोचत नाही. म्हणून ‘कलाटणी’ हा शब्द योजिताना कोणाच्या योजनेची, आणि कोणाच्या दृष्टीने, हे दोन प्रश्न अभ्यासकाने प्रत्येक वेळी विचारलेच पाहिजेत. त्यांची उत्तरे दिल्यावाचून हा शब्द इतिहासाचे स्पष्टीकरण करीत नाही. तो केवळ विजेत्याच्या स्मृतीला दिलेले नाव ठरतो.