गुडघ्यावरचा हात : पोलिओमुक्तीनंतर उरलेला प्रश्न

२ ऑक्टोबर १९९४ रोजी दिल्लीत पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती देशभर पोहोचली. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातील अखेरचा रुग्ण आढळला. २७ मार्च २०१४ रोजी नवी दिल्लीतच जागतिक आरोग्य संघटनेने पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र दिले. हा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. याच शहरात त्याच्या जोडीने घडलेला दुसरा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही. तो वाकलेल्या हाडांचा आहे.

पोलिओचा विषाणू हाडावर हल्ला करत नाही. तो मज्जारज्जूतील स्नायूंना चालना देणाऱ्या चेतापेशी नष्ट करतो. एका बाजूचे स्नायू लुळे पडले की विरुद्ध बाजूचे स्नायू सांध्याला आपल्याकडे ओढत राहतात. हाड आपल्यावरील भारानुसार स्वतःची रचना बदलते, हे जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले होते. वाढत्या वयातील मुलाचे हाड म्हणूनच त्या असमतोल ओढीचा आकार घेते.

मांडीचा पुढचा स्नायू दुबळा झाला आणि गुडघा किंचित वाकलेलाच राहिला, की शरीराच्या भाराची रेषा गुडघ्याच्या अक्षामागून जाते. प्रत्येक पावलाला तो भार गुडघा दुमडू पाहतो. रुग्ण मग मांडीवर हात दाबून चालतो; स्नायूचे काम हात करतो.

दिल्लीत तीस हजारी येथील सेंट स्टीफन्स रुग्णालयात डॉ. मॅथ्यू वर्गीस यांनी पोलिओग्रस्तांसाठी स्वतंत्र विभाग चालवला. अशा रुग्णांवरील उपचारांचे तर्कशास्त्र भौतिकीच्या विद्यार्थ्याला सहज उमगेल. आखडलेपण थोडे असेल तर टप्प्याटप्प्याने बदललेले प्लास्टर पुरते. अधिक असेल तर ताठरलेले स्नायू व पडदे सैल करावे लागतात. त्यानेही भागले नाही तर गुडघ्याच्या वर मांडीचे हाड कापून, पुढच्या बाजूची पाचर काढून, ते सरळ जोडतात. भाररेषा अक्षाच्या पुढे येते आणि गुडघा दुमडणारा भारच त्याला ताठ ठेवू लागतो. स्नायूची ताकद तसूभरही वाढत नाही, तरी हात मोकळा होतो.

पाय आखूड असेल किंवा व्यंग फार कठीण असेल, तर इलिझारोव्ह पद्धतीचा आधार घेतला जातो. गाव्रिल इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात सायबेरियातील कुर्गान येथे ती विकसित केली. पश्चिम युरोपला तिचा परिचय १९८१ च्या सुमारास इटलीमार्गे झाला. हाड कापून, ताणलेल्या तारा व कड्यांनी धरून, सुमारे आठवडाभर थांबतात. त्यानंतर दोन टोके दिवसाला १ मिलिमीटर, तेही चार हप्त्यांत, दूर नेतात. फटीत नवे हाड तयार होते. घाई केली तर हाड भरत नाही आणि नसा ताणल्या जातात. रेंगाळल्यास फट वेळेआधीच सांधते. ५ सेंटिमीटरसाठी ५० दिवस ताण आणि त्यानंतर हाड पक्के होईपर्यंत त्याहून दीर्घ प्रतीक्षा, असा हा हिशेब आहे.

लसीने नव्या मुलांना वाचवले. मोहिमेपूर्वी आजारी पडलेली मुले आज प्रौढ आहेत आणि त्यांच्यापुढे अजून कित्येक दशकांचे आयुष्य आहे. नवे रुग्ण नसल्यामुळे तरुण शल्यविशारदांना या शस्त्रक्रिया शिकण्याची संधी मात्र कमी होत जाते. रोगाचे निर्मूलन आणि रोगग्रस्तांचे पुनर्वसन ही दोन वेगळी कामे आहेत. प्रमाणपत्र मिळाले ते पहिल्या कामाचे.