संघ कसा उभा राहतो? विदर्भाच्या रणजी विजयांचा इतिहास आणि आपण

मंडळी, आजचा विषय खेळाचा आहे आणि बोलणारा माणूस तत्त्वज्ञानाचा, तेव्हा थोडी गंमत वाटेल. पण तत्त्वज्ञानाचं काम सोपं असतं. सगळे ज्याला ‘हो हो’ म्हणतात, त्याला ‘कशावरून?’ असं विचारायचं. ‘चांगला नेता मिळाला की संघ आपोआप उभा राहतो’ हे वाक्य आपण सगळे म्हणतो. ग्रामपंचायतीत म्हणतो, सोसायटीत म्हणतो, शेतकरी गटात म्हणतो. आज आपण या वाक्याला ‘कशावरून?’ असं विचारू. त्यासाठी फार लांब जायची गरज नाही. आपल्या विदर्भाच्या क्रिकेट संघाचा इतिहास पुरेसा आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे खेळच नव्हता, असं नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं. क्रिकेटमध्ये तर भारताचा पहिला कसोटी कर्णधारच नागपूरचा. सी. के. नायडू १८९५ मध्ये नागपुरात जन्मले. पण ते मोठे झाले ते होळकरांच्या आश्रयाने, इंदूरला जाऊन. इथेच आपल्या गोष्टीचं मूळ आहे. गुणी माणूस आपल्याकडे निपजतो आणि दुसरीकडे फळतो. कपाशी इथली, गिरणी दुसरीकडची, हे वऱ्हाडातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, पण क्रिकेटमध्ये त्याचा संघ वेगळाच राहिला. १९५७-५८ च्या हंगामापासून ‘विदर्भ’ या नावाने संघ रणजी खेळू लागला. आजही महाराष्ट्रातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ खेळतात. या तिघांत विदर्भ धाकटा. धाकट्याच्या वाट्याला येतं ते सगळं याच्याही वाट्याला आलं. पुढे रणजीत एलिट आणि प्लेट असे दोन गट झाले, तेव्हा हा संघ बरीच वर्षं खालच्या, प्लेट गटात होता. ‘अनुशेष’ हा शब्द आपण सिंचनासाठी वापरतो, रस्त्यांसाठी वापरतो. मनाचाही एक अनुशेष असतो. आपण हरणारच, हे आधीच ठरवून मैदानात उतरायचं, म्हणजे हरल्याचं दुःखही होत नाही. साठ वर्षं हे असंच चाललं.

आणि मग २०१७-१८ चा हंगाम आला. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, कर्णधार फैझ फझल. उपांत्य सामना कोलकात्याला, कर्नाटकाशी. विदर्भ पहिल्या डावात १८५ मध्ये गारद. कर्नाटकाच्या ३०१ धावा, त्यात करुण नायरच्या एकट्याच्या १५३. असा सामना आपला पूर्वीचा संघ तिथेच सोडून देत असे. या संघाने दुसऱ्या डावात ३१३ केल्या. शेवटच्या दिवशी कर्नाटकाला ८७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी हातात होते. विदर्भ पाच धावांनी जिंकला. रजनीश गुरबानी या स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या पोराने त्या डावात सात बळी घेतले. अंतिम सामना इंदूरला, दिल्लीशी. तिथे त्याने हॅटट्रिक घेतली, रणजीच्या अंतिम सामन्यातली ती दुसरी. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने शतक ठोकलं. आपल्या अकोल्याचा आदित्य ठाकरे तर आयुष्यातला पहिला प्रथम श्रेणी सामना खेळत होता, तोही थेट रणजीचा अंतिम सामना! १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ नऊ गड्यांनी जिंकला. ज्या इंदूरला नायडू गेले, त्याच इंदूरमध्ये.

आता आपला प्रश्न. हे कोणी केलं?

सगळ्यात सोपं उत्तर आहे, ‘पंडितांनी’. त्यात तथ्य आहे. माणूस शिस्तीचा कडक. त्याच्याकडे मोठ्याला एक नियम आणि लहानाला दुसरा, असं चालत नाही. पुढच्याच हंगामात विदर्भाने सौराष्ट्राला नागपुरात ७८ धावांनी हरवून चषक राखला. नंतर पंडित मध्य प्रदेशात गेले आणि २०२२ मध्ये मुंबईला हरवून त्या संघालाही पहिली रणजी मिळवून दिली. म्हणजे पद्धत त्यांची होती, हे सिद्ध झालं, नाही का?

थांबा. जिंकलेल्या माणसाचं सगळंच शहाणपणाचं वाटतं. तो कडक असला तर ‘शिस्तीने जिंकला’, मऊ असला तर ‘मोकळीक दिली म्हणून जिंकला’. तर्कशास्त्रात याला पुरावा म्हणत नाहीत. पुरावा हवा असेल तर तो माणूस बाजूला काढून बघावं लागतं. इतिहासाने इथे ते काम करून ठेवलं आहे.

पंडित गेले. फझल निवृत्त झाला. वसीम जाफर निवृत्त झाला. मार्च २०२४ मध्ये विदर्भ पुन्हा अंतिम सामन्यात पोचला, वानखेडेवर मुंबईशी. विजयासाठी ५३८ धावा हव्या होत्या. कर्णधार वाडकरने शतक काढलं, तरी संघ १६९ धावांनी हरला. पुढच्या वर्षी तोच कर्णधार आणि प्रशिक्षक उस्मान गनी, जे स्वतः विदर्भाकडून खेळलेले. उपांत्य सामन्यात मुंबईला हरवलं. अंतिम सामन्यात केरळवर ३७ धावांची आघाडी घेतली आणि २ मार्च २०२५ रोजी तिसऱ्यांदा रणजी जिंकली. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेतले, एका रणजी हंगामातला तो विक्रम. दानिश मालेवार या तरुणाने अंतिम सामन्यात १५३ केल्या.

म्हणजे माणसं बदलली, तरी जिंकणं थांबलं नाही. मग पहिल्या विजयामागेही एका माणसाखेरीज काहीतरी होतं. काय होतं? आम्हाला तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट, पेरणी. जामठ्याचं स्टेडियम २००८ मध्ये झालं. ते आपल्याला दिसतं, कारण ते मोठं आहे. पण त्याच काळात विदर्भ क्रिकेट असोसिएशनने निवासी अकादमी चालवली, जिल्ह्याजिल्ह्यातली पोरं हेरली, त्यांना वयोगटांतून वर आणलं. सुब्रतो बॅनर्जींसारखा माणूस गोलंदाज घडवत बसला. पंडित २०१७ मध्ये आले तेव्हा शेत तयार होतं. शेतकऱ्याला हे कळतं. पीक नोव्हेंबरात घरी येतं म्हणून त्याचं श्रेय नोव्हेंबराला देत नाहीत.

दुसरी गोष्ट, बाहेरच्या माणसाशी वागणं. इथे जरा थांबू, कारण आपल्या गावाचं दुखणं इथेच आहे. जाफर मुंबईचा. तो विदर्भात आला, आणि एका हंगामात दुखापतीमुळे खेळू शकला नाही. तरी असोसिएशनने त्याचे पैसे दिले. पुढचा हंगाम तो मानधन न घेता खेळला. त्याच हंगामात पहिली रणजी आली, आणि इंदूरला विजयी धावाही त्याच्याच बॅटमधून निघाल्या. त्याच्या पुढच्या हंगामात, चाळिशी ओलांडलेल्या या माणसाने हजारावर धावा केल्या. हिशेबाने बघितलं तर न खेळलेल्याला पैसे देणं हा तोटा. विश्वासाने बघितलं तर ती पेरणीच. गणेश सतीश कर्नाटकातून आला आणि उपांत्य सामन्यात कर्नाटकाविरुद्धच ८१ धावा करून उभा राहिला. पुढे तर आणखी नवल झालं. ज्या करुण नायरने कोलकात्यात आपल्याविरुद्ध १५३ केल्या, तो विदर्भाकडून खेळला आणि २०२५ च्या अंतिम सामन्यात त्याने ८६ आणि १३५ केल्या. इंदूरला दिल्लीसाठी शतक ठोकणारा ध्रुव शोरीही पुढे आपल्याकडे आला.

पण बाहेरचे आले म्हणून घरचे बाकावर बसले का? नाही. कर्णधार फझल घरचा, वाडकर घरचा, गुरबानी घरचा. बाहेरचा थोरल्या भावासारखा होता, घर मात्र घरच्यांनीच चालवलं. हे प्रमाण साधणं हीच नेतृत्वाची खरी कसोटी.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. जाणाऱ्याला जाऊ देणं. २०१९ च्या अंतिम सामन्यात अकरा बळी घेणारा, दोन्ही डावांत पुजाराला बाद करणारा आपला आदित्य सरवटे २०२५ मध्ये केरळकडून खेळत होता. त्याच अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध त्याने ७९ धावा काढल्या. व्यावसायिक खेळात हे चालायचंच. आपल्या गावात मात्र एक माणूस गटातून बाहेर पडला की पहिलं काम काय? त्याच्या घरचं पाणी बंद! मग तो परत येत नाही, आणि जो राहतो तोही भीतीने राहतो. भीतीने राहणारा माणूस फक्त हजेरी लावतो.

शिस्तीबद्दलही एक शब्द बोललं पाहिजे, नाहीतर आमचं म्हणणं अर्धवट राहील. पंडित पुढे आयपीएलमध्ये कोलकाता नाइट रायडर्सचे प्रशिक्षक झाले. २०२४ मध्ये तो संघ जिंकलाही. पण तिथे खेळलेल्या डेव्हिड वीझ याने त्यांच्या लष्करी शिस्तीबद्दल जाहीर नाराजी सांगितली. पद्धत तीच, माणूस तोच. विदर्भाच्या पोरांना जी शिस्त आधार वाटली, ती जगभर खेळून आलेल्याला जाच वाटली. म्हणजे शिस्तीचं बळ नियमात नसतं, ती मान्य करणाऱ्याच्या मनात असतं. ‘हे माझ्या भल्याचं आहे’ असं ज्याला पटलं त्याच्यासाठी ती शिस्त, ज्याला पटलं नाही त्याच्यासाठी ती सक्ती. पुढाऱ्याने आधी पटवायचं असतं, नियम मागून येतो.

आता सातपुड्याच्या पायथ्याशी, या हिवरखेडात, या सगळ्याचं काय करायचं? आपल्याकडे शेतकरी उत्पादक कंपन्या नोंदवल्या जातात, बचत गट होतात, तरुणांची मंडळं होतात. सुरुवातीला फलक लागतो, हार पडतात. दोन-तीन वर्षांत अध्यक्ष एकटा उरतो. मग आपण म्हणतो, ‘चांगला नेता मिळाला नाही, बाप्पा!’ आमचं म्हणणं, चुकीचा प्रश्न विचारल्यावर उत्तरही चुकीचंच येतं. विचारायचं ते असं. अध्यक्ष उद्या नसला तर हे काम चालेल का? अठरा-वीस वर्षांच्या कोणाला आपण आज शिकवतो आहोत? जो आजारी पडला, ज्याचं पीक बुडालं, त्याचा वाटा आपण राखला की कापला? गेल्या वर्षी ज्याच्याशी वाद झाला, त्याला यंदा बोलावलं का?

तुकडोजी महाराजांनी याच मातीत सामुदायिक प्रार्थना रुजवली. तिथे पहिली ओळ आणि शेवटची ओळ असा मान नसतो, सगळे एकत्र बसतात. संघाची कल्पना आपल्याला परकी नाही. फक्त ती आपण प्रार्थनेपुरती ठेवली आणि व्यवहारात ‘साहेब कोण?’ हेच शोधत राहिलो.

एक शेवटचं. विदर्भाला पहिल्या विजयासाठी साठ वर्षं लागली, पण तिसऱ्यासाठी सातच. त्या सात वर्षांतही एकदा अंतिम सामन्यात हार होती. २०२४ मध्ये वानखेडेवर हरलेल्या त्या ड्रेसिंग रूममध्ये कोणी म्हणालं असतं की ‘आपलं नशीबच असं’, तर ते जुन्या विदर्भाला शोभलं असतं. पण पुढच्या वर्षी तोच कर्णधार पुन्हा मैदानात आला आणि मुंबईलाच हरवून पुढे गेला. मनाचा अनुशेष भरला, तो त्या वर्षी. चषक ही त्याची फक्त पावती.

प्रश्न असतील तर विचारा. उत्तरं सगळी आमच्याकडे असतीलच असं नाही, पण ‘कशावरून?’ हा प्रश्न तुम्ही आम्हालाही विचारावा, एवढी विनंती.