राजासाठी पत्त्यांचे तीन कॅट

निवृत्तीनंतर माझे वडील बोलेनासे झाले. औषधं चालू होती. संध्याकाळी मी त्यांच्यासमोर भिकार-सावकारचा डाव मांडायचो. पानं हातात आली की त्यांची बोटं तेवढी जागी व्हायची. त्यामुळे फ्रान्सच्या राजाच्या १३९२च्या जमाखर्चातली एक नोंद वाचताना मी थबकलोच. जाकमँ ग्रँगोनर नावाच्या चिताऱ्याला ५६ सू दिले. कशाबद्दल? सोनेरी, रंगीत पत्त्यांच्या तीन कॅटांबद्दल, राजाचं मन रमावं म्हणून.

हा राजा सहावा चार्ल्स, वय अवघं २३. त्या ऑगस्टमध्ये ल माँजवळच्या जंगलातून रणरणत्या उन्हात फौज चालली होती. कुणाच्या तरी हातून भाला निसटून शिरस्त्राणावर खणकला, आणि राजा तलवार उपसून स्वतःच्याच माणसांवर धावला. काहींचा जीव गेला. राजाला बांधून, बैलगाडीत घालून परत आणावं लागलं. गियोम द आर्सिन्यी या म्हाताऱ्या वैद्याने त्याला सावरलं आणि बजावलं : कारभाराचं ओझं घालू नका, त्याला रमवा.

वैद्याचं बरोबरच होतं. दरबाराने मात्र रमवणं म्हणजे धांगडधिंगा असं धरलं. २८ जानेवारी १३९३च्या रात्री पॅरिसमध्ये राणीच्या एका सखीच्या लग्नाचा नाच होता. राजा आणि पाच सरदार रानटी माणसांची सोंगं घेऊन आले. अंगावर राळेत भिजवलेलं कापड, त्यावर चिकटवलेले जवसाचे तंतू. सोंगामागे कोण आहे ते बघायला राजाचा धाकटा भाऊ मशाल घेऊन जवळ गेला. चौघे जळून मेले. पाचवा पाण्याच्या पिंपात उडी टाकून वाचला. राजाला वाचवलं त्याच्या काकूने, बेरीच्या कोवळ्या वयाच्या डचेसने. तिने आपला घोळदार झगा त्याच्यावर टाकला.

१४२२मध्ये मरेपर्यंत आजार येत-जात राहिला. कधी त्याला आपलं अंग काचेचं वाटे. फुटू नये म्हणून तो कपड्यांत लोखंडी सळया शिवून घेई.

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्याच्या नावाने ओळखली जाणारी पत्त्यांची १७ पानं आहेत, पण ती नंतरची, पंधराव्या शतकातली, इटलीची. आपले बदाम, किलवर, चौकट, इस्पिक हे आकारही फ्रान्समध्ये त्याच शतकात ठरले.

वडिलांचा कॅट माझ्याकडे आहे. त्यातली इस्पिकची राणी हरवली तेव्हा त्यांनी कॅलेंडरचा पुठ्ठा मापात कापला आणि त्यावर शाईने लिहिलं, ‘इ. राणी’. त्या महिन्यात त्यांनी लिहिलेलं तेवढंच.